नीलवटच्या अध्यक्षांची मुदत

नीलवट प्रजासत्ताकाचे अध्यक्ष दर बुधवारी चार ते सहा या वेळात नागरिकांची गाऱ्हाणी ऐकत. प्रत्येकाला चार मिनिटं मिळत. त्या दिवशी ज्योत्स्नाबाईंचं टोकन दहावं होतं.

भंडाऱ्याच्या घरात, जेवणाच्या टेबलाशी, कानांना हेडफोन लावून त्या बसल्या होत्या. पडद्यावर निळ्या भिंतींची खोली होती, एक साधं टेबल होतं आणि टेबलामागे अध्यक्ष. त्यांचा चेहरा खेळाने काढलेला होता, कुठल्याही खऱ्या माणसाचा नव्हता. आवाज मात्र ज्योत्स्नाबाईंच्या नवऱ्याचा होता.

"बोला, केतकीबाई," अध्यक्ष म्हणाले. "आज कुठला पूल पडला?"

नीलवटमध्ये ज्योत्स्नाबाईंचं नाव केतकी खाडीकर होतं. मागच्या तीन बुधवारी त्यांनी एक मोरी, एक विहीर आणि एका पुलाचा कठडा अशी तीन गाऱ्हाणी मांडली होती. आज त्यांनी उत्तर खाडीच्या तरीच्या, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीच्या, वेळेचा विषय काढला. सकाळची तर सातला सुटते, शाळा आठला भरते, पण ओहोटी असली की तर गाळात अडकते आणि मुलं खोळंबतात. अध्यक्षांनी दोन प्रश्न विचारले. ओहोटीचं वेळापत्रक कुणाकडे असतं? आणि तरीची वेळ बदलण्याऐवजी शाळेची बदलली तर कुणाची अडचण होईल? ज्योत्स्नाबाईंनी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम लांबवलं. मग अध्यक्षांनी बंदर खात्याला सूचना लिहिली, लिहिताना प्रत्येक शब्द पुटपुटत वाचला, आणि "येऊ द्या पुढचं टोकन" म्हणाले.

धर्मपाल गजभिये यांना जाऊन त्या दिवशी नऊ आठवडे झाले होते.

धर्मपाल विधिमंडळात प्रतिवेदक होते. सभागृहात बोलला जाणारा शब्द न् शब्द लघुलिपीत टिपायचा, मग खोलीत येऊन तो सुवाच्य करायचा, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. ते मुंबईला. ज्योत्स्नाबाई भंडाऱ्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होत्या, त्यामुळे त्या आणि मुलगी संघमित्रा इकडे. हिवाळी अधिवेशनाला ते नागपूरला येत, तेव्हा घरी शनिवार-रविवार मिळत. बाकी वर्षभर रात्री जेवणाआधी फोन. एकतीस वर्षांच्या लग्नात सलग एका छपराखाली राहणं घडलं ते निवृत्तीनंतरची चार वर्षं. त्या चार वर्षांतही ते रोज तीन-चार तास नीलवटमध्ये असत.

नीलवट हा खेळ होता, पण खेळणारे त्याला खेळ म्हणत नसत. समुद्रातलं एक काल्पनिक बेट, दोन लाख काल्पनिक नागरिक आणि चारेक हजार खरे मराठी खेळाडू. काल्पनिक नागरिकांना संगणकाने भूक दिली होती, धंदा दिला होता, राग आणि विसराळूपणाही दिला होता. त्यांच्यावर राज्य करायचं, आणि ते एका लिखित घटनेप्रमाणे. बाहेरच्या एका आठवड्यात बेटावरचा एक महिना उलटे. अध्यक्षाची मुदत साठ महिन्यांची, म्हणजे आपल्या साठ आठवड्यांची.

"अध्यक्षीय म्हणजे नेमकं काय हो?" ज्योत्स्नाबाईंनी एकदा मटार सोलता सोलता विचारलं होतं. धर्मपालांनी लॅपटॉप बाजूला सारला. असा प्रश्न कुणी विचारावा याची ते वाटच पाहत असत.

आपल्याकडे सरकार सभागृहातून निघतं, त्यांनी सांगितलं. ज्याच्या पाठीशी जास्त डोकी, तो प्रमुख. डोकी सरकली की खुर्ची गेली. तीस वर्षं ते ती डोकी मोजली जाताना बघत आले होते. नीलवटमध्ये लोक दोनदा मत देतात, एकदा सभागृहासाठी आणि एकदा अध्यक्षासाठी. अध्यक्ष सभागृहाचा सदस्य नसतो, त्याचे मंत्रीही सदस्य नसतात. सभागृहाने कायदा केला तर अध्यक्ष तो परत पाठवू शकतो. सभागृहाने तीन चतुर्थांश मतांनी पुन्हा मंजूर केला तर अध्यक्षाला तो मानावा लागतो. पण आवडत नाही म्हणून सभागृह अध्यक्षाला काढू शकत नाही, आणि त्रास देतं म्हणून अध्यक्ष सभागृह बरखास्त करू शकत नाही.

"दोघंही लोकांकडून आलेले. एकमेकांच्या दारात कुणी उभं राहायचं नाही," ते म्हणाले आणि मूठभर मटार उचलून तोंडात टाकले.

ज्योत्स्नाबाईंना तेव्हा त्यात फारसा रस वाटला नव्हता. वाटाणे मात्र कमी पडले होते.

अध्यक्षाला रोज हजर राहणं सक्तीचं असे आणि माणसाला ताप येतो, लग्नकार्यं असतात. म्हणून खेळाने प्रत्येक अध्यक्षाला एक प्रतिरूप दिलेलं होतं. धर्मपालांचे सहा वर्षांतले एकोणीस हजार निर्णय, भाषणं, फायलींवरचे शेरे, बोलण्यातल्या दुरुस्त्या, सारं त्यात गेलं होतं. प्रतिरूप म्हणजे काय हे ज्योत्स्नाबाईंना लगेच समजलं, कारण ते त्यांच्या कामातलंच होतं. पाण्यातलं फ्लोराइड मोजताना आधी ठाऊक प्रमाणाची पाच-सहा द्रावणं घ्यायची, त्यांची मापं कागदावर मांडायची आणि त्या बिंदूंमधून रेषा काढायची. मग अनोळखी विहिरीच्या पाण्याचं उत्तर त्या रेषेवर वाचता येतं. प्रतिरूप हेच करत होतं, फक्त त्याची रेषा हजारो दिशांना वळलेली होती. बिंदूंच्या आतला प्रश्न असेल तर उत्तर पक्कं. रेषेच्या टोकापलीकडचा असेल तर नुसता अंदाज. आणि धर्मपालांच्या घराचा, बायकोचा, मुलीचा एकही बिंदू त्या रेषेत नव्हता, कारण नीलवटमध्ये किनाऱ्याबाहेरचं बोलायला बंदी होती. खरं नाव, खरं गाव, खरं नातं उच्चारलं की ते वाक्य पोचायच्या आत गाळलं जाई.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी धर्मपालांच्या छातीत दुखू लागलं आणि दवाखान्याच्या दारातच सारं संपलं. त्यानंतरच्या बुधवारी चार वाजता, ताप आलेला असताना बसायचं तसंच, प्रतिरूप सुनावणीला बसलं.

कायद्याने त्याला हरकत नव्हती. मेलेल्या माणसाचं प्रतिरूप चालू ठेवायला मनाई होती, अपवाद एकच: जिवंतपणी पत्करलेली जबाबदारी पुरी होईपर्यंत ते चालू शकत होतं. नवी जबाबदारी घेता येत नव्हती. जुनी संपली की चोवीस तासांत ते पुसून टाकायचं. धर्मपालांनी अर्जावर 'मुदत पूर्ण होईपर्यंत' या चौकटीत बरोबरची खूण केली होती, त्यांच्या त्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या हाताने. त्यांच्या दुसऱ्या आणि घटनेप्रमाणे शेवटच्या मुदतीचे एकेचाळीस आठवडे बाकी होते.

संघमित्रा पुण्याला फिजिओथेरपिस्ट होती. तिला हे जूनमध्ये कळलं.

"आई, ते बाबा नाहीत," ती फोनवर म्हणाली.

"माहीत आहे मला. मी तीस वर्षं नमुने तपासले आहेत, मितू. नमुना म्हणजे नदी नव्हे एवढं मला कळतं."

"मग कशाला त्यांच्यासमोर जाऊन मोऱ्या आणि पूल करतेस? त्यांना तू कोण हेसुद्धा माहीत नाही. ते तुला बाई म्हणतात."

ज्योत्स्नाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, "तुझे बाबा मुंबईला होते तेव्हा तरी माझ्याकडे काय होतं गं? रोज चार-पाच मिनिटांचा आवाजच ना? मला तेवढ्यावर संसार करायची सवय आहे."

संघमित्राने त्यावर जेवलीस का असं विचारलं आणि विषय तिथेच राहिला.

ज्योत्स्नाबाई एक वही ठेवू लागल्या. कुठल्या गाऱ्हाण्यावर तो आवाज खुलतो, कुठल्यावर हसतो, कुठल्यावर घसा खाकरून गप्प होतो, हे त्या तारीखवार लिहीत. जमिनीच्या हद्दीच्या भांडणात ते हमखास एखादी चेष्टा करत. लाचेचा विषय निघाला की आवाज खाली येई आणि वाक्यं तुटक होत. एकदा न राहवून त्या म्हणाल्या होत्या, "तुमची रक्तदाबाची गोळी घेतली का?" पडद्यावर पट्टी आली: किनाऱ्याबाहेरचा मजकूर वगळला. अध्यक्षांना नुसती शांतता ऐकू गेली असावी. "बाई, तुमचं म्हणणं पोचलं नाही," ते म्हणाले. "सावकाश सांगा, घाई नाही." घाई नाही म्हणाले, पण चार मिनिटं संपलीच.

सोळा आठवडे उरले तेव्हा राहांगडाले घरी आले. हरिश्चंद्र राहांगडाले गोंदियाच्या एस.टी. आगारातून निवृत्त झालेले, धर्मपालांचे जुने मित्र आणि नीलवटच्या सभागृहातले बहुमताच्या पक्षाचे नेते. चहा घेण्याआधीच त्यांनी मुद्दा काढला.

"वहिनी, आमचा माणूस आम्हाला सोडायचा नाही. नव्वदात साठ डोकी पाठीशी आहेत. विरोधकांतलीसुद्धा काही येतात. असा अध्यक्ष पुन्हा मिळतो काय?"

ज्योत्स्नाबाईंनी आठवण करून दिली की तिसऱ्यांदा निवडणूक लढवता येत नाही. घटनेत बसत नाही आणि प्रतिरूपाच्या कायद्यातही नाही. निवडणूक म्हणजे नवी जबाबदारी.

राहांगडाल्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. निवडणूक कशाला, ते म्हणाले. चालू मुदतच वाढवायची. घटनादुरुस्ती करून साठ आठवडे आणखी द्यायचे. मुदत तीच, जबाबदारी तीच, फक्त लांबलेली. वकिलाला विचारून आले होते. अडचण एवढीच होती की अध्यक्षांनी दुरुस्ती परत पाठवली तर तीन चतुर्थांश, म्हणजे अडुसष्ट मतं लागतील. त्यांची मोजणी सदुसष्टवर थांबत होती आणि उत्तर खाडीची जागा रिकामी होती.

"तुम्ही उभ्या राहा. त्या खाडीतल्या मोऱ्या, पूल सगळ्या तुम्हालाच पाठ आहेत. लोक डोळे मिटून मत देतील."

साठ आठवडे. ज्योत्स्नाबाईंनी मनातल्या मनात गुणाकार केला: दोनशे चाळीस मिनिटं. चार तास. ऐकताना किती थोडं वाटतं. त्यांना ते चार तास इतके हवेसे वाटले की कपात साखर घालायची राहिली आणि राहांगडाल्यांनीही काही न बोलता तसाच चहा प्याला.

किंमतही होती. सभागृहाच्या सदस्याला अध्यक्षांच्या जनसुनावणीत जाता येत नसे. सदस्य झालं की बुधवार बंद. मधले दोन-तीन बुधवार सोडायचे आणि साठ मिळवायचे, असा तो हिशेब होता.

पोटनिवडणूक त्या सहज जिंकल्या. शपथविधी शुक्रवारी होता. त्याआधीच्या बुधवारी त्या केतकी खाडीकर म्हणून शेवटच्या सुनावणीला बसल्या. दुरुस्तीचा मसुदा आदल्याच दिवशी सभागृहात मांडला गेला होता.

"आज माझं गाऱ्हाणं नाही, अध्यक्ष महोदय," त्या म्हणाल्या. "एक विचारायचं आहे. मुदतवाढीच्या दुरुस्तीवर तुम्ही सही करणार का?"

"परत पाठवणार."

"लोकांना तुम्ही हवे असलात तरी?"

"लोकांना हवा असेन तर लोकांनी सांगायला हवं. ते सांगायची एकच जागा आहे, मतपेटी. तिथे माझं नाव आता जाऊ शकत नाही. मग संपलं." घसा खाकरल्याचा आवाज आला. "केतकीबाई, तुम्ही एवढ्या चिंतेत का? नवा अध्यक्ष आला तरी तुमच्या पुलांकडे बघेल. मी टिपण ठेवून जाणार आहे."

घड्याळात अर्धं मिनिट उरलं होतं. आणि सभागृहाने तुमचं न ऐकता पुन्हा मंजूर केली तर, हा पुढचा प्रश्न उघड होता. प्रयोगशाळेत हाताखालच्या मुलींनी असा अर्धा प्रयोग केला असता तर ज्योत्स्नाबाईंनी त्यांना पुन्हा करायला लावला असता. पण त्यांच्या तोंडून वेगळंच निघालं.

"मुदत संपल्यावर तुम्ही कुठे जाल?"

"घरी," अध्यक्ष म्हणाले. "मुदत संपली की माणूस घरी जातो, बाई. कुणीतरी जेवायचं थांबलेलं असतं."

पडदा मिटला. ज्योत्स्नाबाईंनी हेडफोन काढले, पुन्हा लावले, पुन्हा काढले. मग त्यांनी नीलवटच्या दफ्तरात शोध घेतला. सहा वर्षांतल्या एकाही भाषणात, एकाही शेऱ्यात हे वाक्य नव्हतं. रेषेच्या टोकापलीकडचं उत्तर. निवृत्तीच्या भाषणांत माणसं असं काहीतरी बोलतातच, तशा हजार वाक्यांतून ते जुळलं असणार. त्याचा काही अर्थ लावू नये एवढं त्यांना कळत होतं. वहीत त्यांनी ते लिहिलं नाही.

दुरुस्ती एकसष्ट मतांनी मंजूर झाली. तिसऱ्या दिवशी अध्यक्षांनी ती परत पाठवली, सोबत पाव पानाचं टिपण. सदस्यांना ते फार आवडलं. असा निर्मोही माणूस सोडायचा कसा, असं एकेक जण म्हणू लागला आणि काठावरचे होते तेही आत आले. विनयाने नको म्हणणाऱ्या पाहुण्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढावी तसा सगळ्यांचा सूर होता. ज्योत्स्नाबाई आपल्या बाकावरून ते ऐकत होत्या. टिपणात धर्मपालांनी विनय केलेला नव्हता हे त्यांना दिसत होतं. त्यात 'नम्र' हा शब्दसुद्धा नव्हता. पण त्यांनी तसं कुणाला सांगितलं नाही.

फेरमतदान बुधवारी सकाळी अकराला ठेवलं. मुदतीचे अकरा आठवडे बाकी होते.

संघमित्राचा सकाळीच फोन आला. तिने वाद घातला नाही. फक्त विचारलं, "आई, बाबांना काय आवडलं असतं हे तुला ठाऊक आहे ना?"

"आहे."

"मग?"

"एकतीस वर्षं त्यांच्याच आवडीने चाललं, मितू. मुंबई त्यांच्या आवडीची. हे बेटही त्यांच्या आवडीचं. एकदा मला जे हवं ते घेते."

अकरा वाजून सात मिनिटांनी पडद्यावर दोन बटणं आली. ज्योत्स्नाबाईंनी 'पुन्हा मंजूर' दाबलं. आकडा वर सरकत गेला, सदुसष्टवर थबकला, मग अडुसष्ट झाला. बाकं वाजवल्याचे आवाज आले. राहांगडाल्यांचा फोन आला. ते इतके खूश होते की पुढच्या रविवारी पेढे घेऊन येतो म्हणाले आणि कुठल्या हलवायाचे ते सांगत बसले. दुरुस्ती त्या क्षणापासून लागू झाली होती. त्या फोनवर हसल्या. कितीतरी महिन्यांनी स्वतःचं हसू त्यांना ऐकू आलं. राजीनामा दिला की पुन्हा नागरिक, पुन्हा बुधवार. शुक्रवारी सदस्यत्व सोडायचं असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

बारा वाजता सभापतींनी सांगितलं की अध्यक्षांनी सभागृहापुढे बोलायची परवानगी मागितली आहे. अध्यक्ष सभागृहात येत ते वर्षातून एकदाच. सगळे आभाराचं भाषण ऐकायला सावरून बसले.

"सभापती महोदय," तो आवाज म्हणाला, "अकरा वाजून सात मिनिटांपर्यंत मी लोकांनी दिलेल्या मुदतीत काम करत होतो. त्यानंतर मी सभागृहाने दिलेल्या मुदतीत आहे. आपण हे प्रेमाने केलं आहे, हे मला कळतं. पण ज्याला सभागृह ठेवतं, त्याला सभागृह काढूही शकतं. असा माणूस कामाला चांगला असेल, लोकांना आवडतही असेल, पण त्याला अध्यक्ष म्हणत नाहीत. दुसऱ्या पद्धतीत त्याला वेगळं नाव आहे आणि तिथे तो शोभतो. इथे नाही. जुन्या मुदतीचे अकरा महिने माझे होते. ते मला आनंदाने पुरे करायचे होते. आजच्या दुरुस्तीने ती मुदत राहिली नाही, तिच्या जागी ही आली. ही मी घेऊ शकत नाही. आजची जनसुनावणी जाहीर झालेली आहे, लोक दुरून निघाले असतील, म्हणून ती करून सहा वाजता मी पद सोडतो. उपाध्यक्षांनी शपथेची तयारी करावी."

बाकं वाजली नाहीत.

राहांगडाल्यांनी पुन्हा फोन केला तेव्हा त्यांचा आवाज उतरलेला होता. "वहिनी, हे काऊन केलं त्यानं? आपण मानच दिला ना त्याला? सगळं सभागृह मागं उभं केलं. आपल्याकडं माणूस याच्यासाठी जन्मभर झुरतो."

"आपल्याकडे," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. मग त्यांनी फोन ठेवला. अकरा आठवडे हातात होते. अकरा बुधवार, चव्वेचाळीस मिनिटं, आणि ती त्यांनी स्वतःच्या बोटाने संपवली होती. वाटाणे सोलताना त्यांनी ऐकलं होतं ते हेच होतं. तेव्हा ऐकलं, पण ऐकून सोडून दिलं.

त्यांनी तिथेच सदस्यत्वाचा राजीनामा लिहिला. सभापतींना फोन केला, विनंती केली. सभापती साताऱ्याच्या एक प्राध्यापिका होत्या. त्यांनी कारण विचारलं नाही, पण नियमाप्रमाणे राजीनामा पटलावर ठेवून वाचायला त्यांना साडेतीन वाजले. चार वाजायला दहा मिनिटं असताना ज्योत्स्नाबाईंना टोकन मिळालं. एकतिसावं. दोन तासांत तीस माणसं बसतात.

कधीकधी कुणी लवकर आटपतं. ज्योत्स्नाबाई तीन वाजून पन्नासपासून सहापर्यंत टेबलाशी बसून राहिल्या. पाचव्या टोकनाने साडेतीन मिनिटं घेतली. अकरावं आलंच नाही. पण वाचलेली मिनिटं अध्यक्षांना दुसऱ्यांना देता येत, आणि बाराव्या व पंधराव्याने ती बहुतेक खर्चून टाकली. एका बाईच्या मुलाच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकीची पडली होती. एकाच्या आंब्याच्या फांद्या शेजाऱ्याच्या अंगणात गेल्या होत्या आणि अध्यक्षांनी विचारलं की आंबे कुठल्या अंगणात पडतात, आणि हसले. ते हसू ज्योत्स्नाबाईंनी डोळे मिटून ऐकलं.

पाच वाजून पंचावन्न मिनिटांनी तिसावं टोकन आलं. एक म्हातारा काल्पनिक कोळी, संगणकाने विसराळू केलेला. त्याला नाव नोंदवायचं होतं, पण कुठल्या यादीत ते आठवत नव्हतं. होडीची म्हणाला, मग रेशनची, मग नाही, होडीचीच. अध्यक्षांनी त्याला तीनदा पहिल्यापासून सांगू दिलं. "आजोबा, आठवेल, बसा," ते म्हणाले. ज्योत्स्नाबाईंना त्या म्हाताऱ्याचा राग यायला हवा होता. तो आला नाही. धर्मपाल कुणालाही मध्येच तोडत नसत, एवढंच त्यांच्या मनात राहिलं. पाच अठ्ठावन्नला म्हाताऱ्याला आठवलं, दोघांनी मिळून अर्ज भरला, आणि अध्यक्षांनी तो मोठ्याने पुटपुटत वाचून पाहिला. शेवटची सही झाली तेव्हा सहा वाजले होते.

"एकतीस, केतकी खाडीकर," अध्यक्ष म्हणाले.

त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

"केतकीबाई, तुम्ही थांबलेल्या मला दिसता. पण सहा झाले. मी आता ऐकून घेतलं तरी त्यावर हुकूम काढता येणार नाही. काही करता येत नसताना नुसतं ऐकत बसणं बरोबर नाही, तुमचा वेळ जाईल. तुमचं म्हणणं नव्या अध्यक्षांना सांगा. मी टिपणात तुमचं नाव वर लिहिलं आहे."

"मला हुकूम नको आहे," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "नुसतं ऐका."

टोकनाची वेळ सुरू झाल्याशिवाय नागरिकाचा आवाज पलीकडे जात नसे. ती सुरू झाली नव्हती. अध्यक्षांनी समोरचे कागद एकावर एक नीट लावले, खुर्ची मागे सरकवली, आणि पडद्यावर फक्त टेबल उरलं. थोड्या वेळाने तिथे दुसरं कुणीतरी येऊन बसलं. कुणी बाई होत्या, आवाज तरुण होता. त्यांनी शपथ घ्यायला सुरुवात केली.

बाहेर दिवस मावळत आला होता. ज्योत्स्नाबाईंनी लॅपटॉप मिटला. उठून पाणी प्यायल्या. स्वयंपाकघरात सकाळचा भात झाकलेला होता. त्यांनी झाकण उचलून पाहिलं आणि परत ठेवलं. मग फोन घेतला. मार्चमधल्या त्या रविवारी फोन त्यांनी केले नव्हते. नातेवाइकांना राहांगडाल्यांनी कळवलं होतं आणि संघमित्राला दवाखान्यातल्या नर्सने. त्या दिवशी त्यांना ते वाक्य म्हणावंच लागलं नव्हतं.

दोन रिंगमध्ये संघमित्राने उचलला. मागे कुणीतरी व्यायामाचे आकडे मोजत होतं.

"मितू," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "बाबा गेले."

मागचे आकडे थांबले. संघमित्रा दुसऱ्या खोलीत आली असावी, दार लागल्याचा आवाज झाला. ज्योत्स्नाबाईंना वाटलं, ती आता मार्चमधली तारीख सांगेल.

"किती वाजता गं?" संघमित्राने विचारलं.

"सहाला. सहा वाजता."

"मी निघते, आई," ती म्हणाली. "सकाळपर्यंत पोचते."